गोलमागची खुर्ची

१२ मार्च

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद,

साठी उलटली तरी तुला हेच नाव शोभतं, हे तुझ्या पत्राने सिद्ध केलं. तुझी लेक अंतिम सामन्यात गोलमध्ये उभी होती. चेंडू रेषेच्या आत पडला, तिने तो झटकन बाहेर ओढला. रेफरीला दिसलं नाही, तर तिने स्वतः हात वर करून सांगितलं की गोल झालाय. सामना गेला. आणि तिचा बाप मला लिहितो की पोरीने माती खाल्ली!

आता म्हणे क्लबच्या सेक्रेटरींना तिच्याकडून फुटबॉल संघटनेला पत्र हवंय, की मी गोंधळले, चेंडू आत नव्हताच. म्हणजे सामना पुन्हा खेळवता येईल. नाही दिलं तर संघातून नाव कट. आणि ते पत्र मी लिहून द्यायचं, कारण माझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं! अरे, सिस्टरांनी छड्या मारून व्याकरण शिकवलं ते थापा मारायला नव्हे.

टीव्हीवरचा एकही सामना मी सोडत नाही. क्रिकेटमध्ये बॅटची कड लागल्याचं पंचाआधी बॅट्समनला कळतं, तरी हे महाशय ग्लोव्हज नीट करत उभे. फुटबॉलवाले तर वाऱ्याने पडतात, नडगी धरून लोळतात आणि शिट्टी वाजली की हरणासारखे पळतात. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लोकांच्या थापा या टोकापासून त्या टोकाला जोडून दिल्या. त्यात आपल्या घरातली एक पोर खरं बोलली, तर मी पेढे वाटायचे की माफीपत्र लिहायचं?

लोभ आहेच, सध्या तो तुझ्यापेक्षा तुझ्या लेकीवर जास्त आहे.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

भाषण झकास. बायको वाचून हसत सुटली.

पण तुझ्या शोकेसमधला कप आठव. अडतीस वर्षांपूर्वी आमच्या कारखान्याच्या संघाने जिंकलेला, तू कौतुकाने मागून नेलेला. त्या दिवशीही चेंडू रेषेच्या आत गेला होता. मी तो पोटाखाली घेऊन बाहेर सरकलो. रेफरी लांब होता. पण जाळ्यामागे बाबांची घडीची खुर्ची टाकून कोण बसलं होतं? तू टाळ्या वाजवताना एकदम थांबलीस, आणि मग दुप्पट जोरात वाजवल्यास. मी पाहिलं होतं.

लेक सही करत नाही. सरावालाही जात नाही, नुसते ग्लोव्हज पुसत बसते. ते बघवत नाही गं. तुझं ती ऐकते, म्हणून लिहिलं. रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा ठोंब्या

२४ मार्च

चि. ठोंब्यास,

हो, दिसलं होतं. चेंडू चांगला हातभर आत होता.

त्या कपावरची धूळ मी दर रविवारी पुसते, पण आल्यागेल्याच्या हातात तो कधी दिला नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? तुझ्यावर ओरडायला हवं होतं. ते मी अडतीस वर्षं टीव्हीवर ओरडतेय.

काल पोरीचा फोन आला. आत्या, माझं चुकलं का, असं विचारत होती. मी सांगितलं, आपल्या घरातून दोघं गोलमध्ये उभी राहिली, त्यातली खरी गोलकीपर तूच. दुसऱ्याचं काय, असं तिने विचारलं; ते तुझ्या बापाला विचार, म्हटलं. तेव्हा आता तूच सांग. तिच्या खोलीत जा, दार लाव आणि सगळं सांग.

तुला इंग्रजी पत्र हवं होतं ना? सोबत आहे. संघटनेच्याच नावाने आहे, पण पोरीचं नव्हे, तुझं. अडतीस वर्षांपूर्वीचा कप परत करत असल्याचं. एक प्रत तुमच्या सेक्रेटरींना दे, म्हणजे या घरातून कसली पत्रं निघतात ते त्यांना कळेल. नाव कापायचं तर खुशाल कापू दे त्यांना. मी तिला दुसऱ्या क्लबात घेऊन जाईन, आणि जाळ्यामागे खुर्चीही टाकीन. या वेळी ताठ मानेने बसेन.

व्याकरण दोनदा तपासलंय. तुझ्या सहीला जागा सोडली आहे. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आधीच केली आहे.

दोघांवरही सारखाच लोभ असलेली,
ताई