हाताला न लागणारा कापूस

प्रिय धम्मशीला,

सप्रेम जयभीम. पत्र पाहून घाबरू नको, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन असताना आईने पत्र का लिहिलं असेल म्हणून तुझ्या काळजात धस्स झालं असेल. पण आपल्या घरातला फोन तुझ्या बाबांच्या खिशात असतो, आणि मी तुझ्याशी बोलायला लागले की ते समोरच्या खाटेवर झोपेचं सोंग घेऊन पडतात. माझा शब्द न् शब्द ऐकतात. म्हणून मुबीनाभाभीच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. ती शेजारी तूर निवडते आहे आणि रस्त्याकडे लक्ष ठेवून आहे. तू बाळंतपणाला इथे यायच्या आत काही गोष्टी तुला कळायला हव्यात. चंद्रशेखररावांना जयभीम सांग, पण हे पत्र त्यांना वाचायला देऊ नको. जावई झाला म्हणून सासऱ्याच्या घरातलं सगळंच त्याला कळायला हवं असं काही नाही.

तुझे बाबा धम्माच्या शिबिराला जाऊन आले आणि मटण, अंडी सोडून बसले, तेव्हा तू शाळेत होतीस, आणि त्यांच्या मागोमाग तूही सोडलंस. पंचशीलातलं पहिलं शील, जीव न मारण्याचं, पाळायचं तर पुरतं पाळायचं, असं म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बायका नवऱ्यांच्या दारूची रडगाणी गायच्या, तेव्हा मी माझ्या नवऱ्याच्या शीलाचं कौतुक सांगत मिरवायची. दूध मात्र तेव्हा चालू होतं. ते सुटलं तुझ्या लग्नानंतर, आणि ते शीलापायी नाही, संशयापायी सुटलं. जिकडे पाहावं तिकडे बीटी कापसाची, म्हणजे बियाण्यातच जिवाणूचा अंश घातलेली पऱ्हाटी झाली होती. सरकी बीटीची, सरकीचं तेल काढून उरलेली ढेप बीटीची, आणि ती ढेप खाऊन म्हैस दूध देणार. त्यातच बाबांच्या कामावर, जिनिंगच्या कारखान्यात, कुठूनशी बातमी आली की पऱ्हाटीचा पाला खाऊन शेळ्या मेल्या. कोणाच्या शेळ्या, कुठल्या गावच्या, कोणालाच सांगता येईना. पण त्या दिवशी तुझ्या बाबांनी चहाचा कप सरकवला तो सरकवलाच. दही गेलं, ताक गेलं, तूप गेलं. मी म्हटलं, मुबीनाभाभीची म्हैस तर रोज डोळ्यांसमोर चरते, काय खाते ते पाहून घ्या. तर म्हणाले, म्हैस दिसते, ढेपीत काय आहे ते दिसते का?

त्यांनी दूध सोडलं त्याचं मला दुःख नव्हतं. ज्याला जे पटेल ते त्याने खावं. पण पुढे त्यांनी माझ्यावर पहारा बसवला. कोरा गुळाचा चहा दिला तरी आधी वास घेत. भाजीचा रस्सा जरा दाट झाला की वाटी उजेडाकडे तिरपी करून पाहत. एकदा नुसतं दाण्याचं कूट घालून वांगं केलं होतं, तर घास ताटात परत ठेवून म्हणाले, "याच्यात दूध हाय." मी तुझी शपथ घेतली, तरी उठून भांडी हुंगली. मुबीनाभाभी मीठ मागायला आली तरी तिच्या पदराखाली दुधाचा लोटा आहे का ते बघत. पोरी, मला फार लागलं गं ते. ज्या बाईच्या हातचं उभा जन्म खाल्लं, तिच्यावर असा आळ? मी रागाने सांगून टाकलं, उद्यापासून तुमचं तुम्ही रांधा. त्यांनी पिठलं केलं, ते कढईला असं चिकटलं की कढई मला विळ्याने खरवडावी लागली. मग मुकाट्याने ताटावर आले, पण वास घ्यायचं काही सोडलं नाही.

त्याच हंगामात जिनिंगवरून नवीन तक्रार सुरू झाली. तुझ्या बाबांचं काम ग्रेडरचं, कापसाची प्रत ठरवायचं, हे तुला माहीतच आहे. कापसाची गाडी आली की शेटजी आधी त्यांच्याकडे बघतात. चिमटीत पुंजका घ्यायचा, दोन्ही हातांनी ओढून धागा किती लांब ते बघायचं, मुठीत दाबून ओल किती ते सांगायचं. खामगावात यंत्रं आली तरी शेटजींचा भरवसा यांच्या बोटांवर. तर हे घरी येऊन म्हणायला लागले की बीटीचा कापूस हाताला लागतच नाही. धाग्यात जीवच नाही म्हणे, हातात हवा धरल्यासारखं वाटतं. ही गोष्ट त्यांनी चहाच्या टपरीवर सांगितली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. बियाण्याने ज्याला ज्याला फसवलं होतं, तो तो म्हणू लागला, दयाराम ग्रेडर म्हणतो म्हणजे धागाच खोटा आहे. गावातल्या हिंमतरावांनी तर आपल्या वावरातला कापूस आणून सगळ्यांपुढे ओढून दाखवला आणि म्हणाले, बरोबर आहे, लागत नाही. त्यांच्या हाताला तो लागत होता, हे मला खात्रीने वाटतं. पण त्या दिवसांत बीटीवर कोणी काहीही बोललं तरी लोकांना खरं वाटायचं. मलाही वाटलं.

घरात मात्र मला वेगळंच दिसत होतं. त्यांच्या एका पायातली चप्पल रस्त्यातच सुटून राहायची आणि हे तसेच घरी यायचे. सदऱ्याची बटणं लागेनात, तर बटणांवर चिडायचे. पायाला मुंग्या येतात म्हणायचे. चालताना तोल जायचा, भिंतीला हात लावत न्हाणीत जायचे. आता हसू येतं, पण तेव्हा माझ्या मनात आलं की शीलवान माणूस पिऊन तर येत नाही ना? झोपले की मी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. ते माझी भांडी हुंगायचे आणि मी त्यांचं तोंड, असा आमचा संसार चालला होता. पुढे एकदा चुलीवरचं तापलेलं पातेलं त्यांनी नुसत्या हातांनी उचललं आणि सावकाश खाली ठेवलं. बोटांना फोड आले तरी त्यांना कळलं नव्हतं. त्या दिवशी मला समजलं की खोट कापसात नाही.

तुला तेव्हा सांगितलं नाही, काळजी करशील म्हणून. होळीच्या सुमारास मी त्यांना खामगावला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटांना सुई टोचून पाहिली, रक्त तपासलं, आणि सांगितलं की अंगातलं बी-बारा नावाचं जीवनसत्त्व संपत आलं आहे. ते दुधात, अंड्यात, मटणात असतं, भाजीभाकरीत नसतं. सोडल्याबरोबर कळत नाही, साठवलेलं वर्षानुवर्षं पुरतं, आणि मग हळूहळू नसा सुकतात. चिडचिड आणि संशयीपणाही यात वाढू शकतो, असं म्हणाले तेव्हा मी खाली मान घातली. डॉक्टर भला माणूस. दूध प्या म्हणून हट्ट केला नाही. दूध नको असेल तर नका पिऊ, पण आधी इंजेक्शनं घ्या आणि मग जन्मभर गोळी, नाहीतर हात कायमचे जातील, एवढंच म्हणाले. तुझ्या बाबांनी विचारलं, गोळी कशापासून करतात? डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, की कारखान्यात टाक्यांमध्ये जिवाणू वाढवतात आणि त्यांच्याकडून हे जीवनसत्त्व मिळतं. झालं. हे उठून उभे राहिले. "कापसात बी जिवाणूच घातला व्हता ना, डॉक्टरसाहेब? मंग हा कोन्ता येगळा?" इंजेक्शन राहिलं, आणि गोळ्यांची चिठ्ठी टेबलावर टाकून बाहेर निघून गेले. ती चिठ्ठी मी उचलली.

आता खरं सांगते. मुबीनाभाभी खामगावला जाते तेव्हा गोळ्या आणते. त्या लाल असतात. मी त्या खलबत्त्यात बारीक करून शेंगदाण्याच्या चटणीत मिसळते आणि रोज सकाळी त्यांच्या ताटात वाढते. चटणी लाल, गोळी लाल. पहिल्या दिवशी ताट पुढे सरकवलं आणि तिथेच उभी राहिले. वाटलं, आता हुंगतील आणि ताट फेकतील. पण ज्या माणसाने वर्षभर माझं काहीच खोटं नसताना वाटी न् वाटी तपासली, त्याने त्या दिवशी काही न बघता सगळी चटणी भाकरीला लावून खाल्ली. मी चुलीकडे तोंड करून रडले. तू म्हणशील हे बरोबर नाही. बरोबर नाहीच. पण त्यांचे हात गेले असते तर?

पावसाळा सरता सरता चप्पल पायात राहायला लागली. दिवाळीनंतर नवा कापूस आला आणि एक दिवस जिनिंगवरून हसत घरी आले. "यंदाचा माल चांगला हाय. हाताले लागते," म्हणाले. बियाणं सुधारलं म्हणे! टपरीवर आता तेही मान्य झालं आहे. आणि आपण दूध सोडलं, डॉक्टरची गोळी नाकारली, म्हणून अंगातलं विष उतरलं आणि बरे झालो, असं ते गावभर सांगतात. माझ्या मनात मात्र आता वेगळीच धाकधूक असते. परवा गोळ्या संपल्या होत्या म्हणून साधी चटणी वाढली, तर दोन घास खाऊन म्हणाले, "आजची चटणी तुह्या हातची नाही वाटते." एवढंच बोलले आणि पाणी प्यायले. त्यांना कळलं आहे की नाही, याचा अंदाज घेत मी दिवसभर त्यांच्या तोंडाकडे बघते, आणि माझं बघणं दिसलं की म्हणतात, काय पाहून राह्यली?

हे सगळं आताच लिहायचं कारण तू आहेस. पुढच्या आठवड्यात ते शेगावहून गाडीत बसून तुला आणायला येणार. आपल्या घरात पोटातल्या जिवाला त्या ढेपीचं दूध मिळणार नाही, असं त्यांनी मला बजावलं आहे, आणि फोनवर तुझ्याकडूनही दूध सोडल्याचं वदवून घेतलं आहे. तू खरंच सोडलंस की बापाचं मन राखायला नुसतं हो म्हणालीस, ते मला कळलं नाही. पण मागल्या खेपेला फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस की पायाला मुंग्या येतात. बाबा म्हणाले, दिवस भरत आले की येतातच. मला मात्र त्यांची रस्त्यात सुटलेली चप्पल आठवली. लेकी, निघण्याआधी रक्त तपासून घे. दूध पी किंवा नको पिऊ, पण डॉक्टरने सांगितली तर गोळी सोडू नको, तुझ्यासाठी नाही तर बाळासाठी. आणि इथे आलीस की ती लपवू नको. बाबांसोबत ताटावर बस, गोळी हातावर घे, पाणी त्यांच्याकडेच माग. ते विचारतील, हे काय? तेव्हा काय ते खरं सांग आणि माझ्याकडे बघ. मग मीही त्यांना चटणीचं सांगून टाकीन. ते चिडतील, कदाचित माझ्या हातचं पुन्हा कधी खाणार नाहीत. पण आजोबांच्या हट्टापायी बाळाला काही झालं, तर त्यानंतर सांगून काय उपयोग? एकटीने सांगायची हिंमत मला होत नाही. तू शेजारी असलीस तर होईल.

तुझी वाट बघणारी,
तुझीच आई
बनाबाई