दारात उभी मार्थाबाई

६ जानेवारी, सोमवार

हसले आणि अडकले! नवनीत सर सेमिनार वाटत होते. सगळ्यांना एकेक कविता. दीड पानाच्या, त्यातही अर्धं पान कोरं. मी मागच्या बाकावर फिस्सकन हसले. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "अतिका, तुम्हाला कादंबरी." उशाला घेतली तर मान धरेल एवढी जाड. विषय — 'कादंबरीचा शेवट'. सतरा तारखेला बोलायचं.

अमेरिकन साहित्याचा पेपर घेतला तेव्हा वाटलं होतं, निदान उंच इमारती तरी बघायला मिळतील. या कादंबरीतली मार्था राहते कुठं, तर कॅन्ससच्या रानात. चहूकडे गहू. गहूच बघायचा होता तर शहाद्याला मावशीकडे गेले असते, वर जेवायलाही मिळालं असतं.

घरात हिंदी, अब्बांच्या मिरची वाळवायच्या पथारीवर अहिराणी, कॉलेजात इंग्रजी. इथं डायरीत मात्र मराठी. अब्बांना मराठी वाचता येतं, पण माझं अक्षर वाचता येत नाही. त्यामुळे बिनधास्त.

७ जानेवारी, मंगळवार

घरात वाचन होत नाही. अम्मीला मी पुस्तक उघडलेलं दिसलं की लसूण सोलायचा आठवतो. म्हणून पथारीवर गेले. सीझन भरात आहे. सगळं मैदान लाल, आणि कडेला सावलीत बायका मिरचीचे देठ खुडत बसलेल्या. अब्बांनी मला वजनकाट्याशी बसवलं. तोंडाला ओढणी, मांडीवर कॅन्सस.

"काय वाची ऱ्हायनी वं पोरी?" सोनीबाईनं विचारलं. ती पथारीची मुख्यमंत्री. ती गप्प तर सगळ्या गप्प.

म्हटलं, एका बाईची गोष्ट आहे. नवरा रेल्वेच्या रुळांच्या कामाला म्हणून गेला तो गेलाच. बाई एकटी शेत बघते. कितीतरी वर्षांनी निरोप येतो, मी परत येतोय...

इथं माझी जीभ अडखळली. ओळीच्या टोकाला भिकुबाई बसलेली. तिचा नवरा दोधू सुरतेला साड्यांच्या कारखान्यात गेला त्याला सहा वर्षं झाली. तिथं दुसरा संसार मांडला म्हणतात. आता त्याच्या चुलतभावाच्या हाती निरोप आलाय, संक्रांतीनंतर येतो. भिकुबाई त्याला घरात घेणार का, हा सध्या पथारीवरचा एकच प्रश्न, आणि तो तिच्यासमोर कुणी काढत नाही. मी काढला! तेही इंग्रजी पुस्तकातून.

भिकुबाईनं मान वर केली नाही. सोनीबाईनं मात्र माझ्याकडे असं बघितलं की आता सांगितल्याशिवाय सुटका नाही.

८ जानेवारी, बुधवार

या लेखकाला वाऱ्याचं फार. पानंच्या पानं नुसता वारा. मी इमानदारीत वारा सांगायला लागले तर सोनीबाई म्हणाली, "वारा आठे बी शे. माणूस कोठे शे?"

वारा कापला. कादंबरी एकदम सडसडीत झाली. सरांना सांगायला हवं.

मार्था मक्याची भाकरी करते हे ऐकून सगळ्या खूश. "मंग आपलीच शे." तेव्हापासून तिचं नाव मार्थाबाई.

१० जानेवारी, शुक्रवार

मजा झाली. काल मी गेले नाही तर पथारीवर माल कमी निघाला. अब्बांना वाटलं बायका आजारी आहेत. आज मी गेले, मार्थाबाईच्या शेतावर टोळधाड आणली (पुस्तकात आहे, माझी नाही), आणि हात कसे चालले! पोती भरत गेली.

अब्बा मला बाजूला घेऊन म्हणाले, "कहानी लंबी है ना बेटा?" म्हटलं, खूप लांब आहे. "अच्छा है. आराम से सुना."

एका माणसानं साहित्याची किंमत ओळखली. तीही किलोवर.

नंतर बघते तर अब्बा पोत्यांमागे उभे. हिशेब करत नव्हते, ऐकत होते.

११ जानेवारी, शनिवार

आज शेवटाला पोहोचले. आणि घोटाळा झाला.

शेवटच्या पानावर नवरा रानातून चालत येतो. मार्था दार उघडते. उंबऱ्यात उभी राहते. त्याच्याकडे बघते. संपलं! पुढे पान नाही. मी दोनदा मागून पुढून चाळलं, लायब्ररीतल्या कुणी फाडलं की काय म्हणून. नाही. सर म्हणतात याला 'ओपन एंडिंग' म्हणतात. फार मोठी गोष्ट असते म्हणे.

पथारीवर ती मोठी गोष्ट कुणाला पटली नाही.

"बाई दारमा उभी, अन् पुस्तक सरी गयं?" सोनीबाईनं मूठभर मिरच्या खाली टाकल्या. "लिहिणाराले मजुरी पुरी भेटनी नही व्हई."

म्हटलं, अहो, ते खोटंच असतं सगळं. बनवलेलं.

"ते मले बी ठाऊक शे. पन खोटाले बी शेवट लागस."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. घे. नको घेऊ. चुलीतलं लाकूड घे हातात. भिकुबाई खुडत होती, पण एकच मिरची कितीतरी वेळ.

मी सुटका करून घ्यायला म्हटलं, पुढचा भाग सोमवारी सांगते. कुठला पुढचा भाग? अल्लाच जाणे.

१३ जानेवारी, सोमवार

आज मी अमेरिकन लेखिका झाले.

माझा शेवट असा: नवरा उंबऱ्याशी येतो. मार्थाबाई विचारते, "कोण पाहिजे?" तो म्हणतो, "मी, तुझा नवरा." ती म्हणते, "तो रेल्वेच्या कामाला गेलाय. आला की सांगते." आणि धाडकन दार बंद!

काय टाळ्या पडल्या! टाळ्यांनी मिरचीची धूळ उडाली आणि सगळी ओळ शिंकायला लागली. सोनीबाई डोळे पुसत म्हणाली, आता पुस्तक बरोबर झालं. सरांना हा शेवट दिला तर मला पैकीच्या पैकी.

सुट्टी झाली. बायका हातांना तेल चोळत होत्या. भिकुबाई काट्याशी आली. हळूच विचारलं, "मंग दुसरे दिन काय करं तिनी?"

म्हटलं, कोणी?

"मार्थाबाईनी. दार लायं. मंग दुसरे दिन सकायले?"

दार लावेपर्यंतच माझं डोकं चाललं होतं. मी म्हटलं, कामाला गेली असेल. भिकुबाईनं मान हलवली आणि गेली. ती टाळ्या वाजवत नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं.

१४ जानेवारी, मंगळवार

पतंग. मान मोडली. पुस्तक उघडलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

घाबरले आहे, लिहून टाकते. माझ्या थापेवरून भिकुबाईनं खरंच दार लावलं तर? किंवा तिला घ्यायचं असेल आणि सोनीबाईच्या टाळ्यांच्या भीतीनं घेतलं नाही तर? मी मजेत होते. तिची मजा चाललेली नाही.

म्हणून आज शेवट बदलला. म्हटलं, खरं म्हणजे मी घाईत वाचलं होतं. दार बंद केल्यावर मार्थाबाई आत रडते, मग उघडते, त्याला मक्याची भाकरी वाढते. दोघं मिळून गहू कापतात. इति.

मग सोनीबाई, "तुले दोधूनी पैसा दिधा का वं?"

दुसरी म्हणाली, ही अमेरिका नाही, हे नंदुरबारच आहे. तिसरीनं माझ्याकडे पाठच केली. अब्बासुद्धा पोत्यांमागून म्हणाले, "परसोंवाला अच्छा था."

आणि भिकुबाई — आज पहिल्यांदा सगळ्यांदेखत बोलली. रागानं नाही. "तू रोज अलग सांगस. तुले बी ठाऊक नही ना?"

म्हटलं, नाही ठाऊक.

"मले बी नही," ती म्हणाली आणि खुडायला लागली. सोनीबाईनं आपल्या पुढ्यातली चांगली सुकलेली मिरची उचलून तिच्या पुढ्यात सारली. देठ सहज निघतात तशी.

१७ जानेवारी, शुक्रवार

सेमिनार! हसू अजून आवरत नाही.

सरांचा नियम आहे, किमान दोन समीक्षकांची मतं द्यायची. लायब्ररीत या कादंबरीवर काही नाही. नेटवर नुसता सारांश. मग मी उभी राहिले आणि गंभीर चेहऱ्यानं इंग्रजीत सांगितलं — एस. बाई यांच्या मते लेखकानं वाचकाशी केलेला करार अर्धवट सोडलेला आहे. याउलट बी. बाई यांना शेवटापेक्षा शेवटाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ महत्त्वाची वाटते.

सर लिहून घेत होते. लिहून! "एस. बाई कुठल्या?"

"खानदेशच्या, सर. फार प्रकाशित नाहीत."

"पण दृष्टी ताजी आहे," सर म्हणाले. "संदर्भ द्या."

म्हटलं, देते. आता पथारीला पान क्रमांक कुठून आणू?

घरी येताना एकटीच हसत होते, रिक्षावाल्यानं वळून बघितलं. मग आठवलं की संक्रांत होऊन गेली, आणि हसू थांबलं.

२० जानेवारी, सोमवार

दोधू आला. घरी गेला नाही, थेट पथारीवर! घराला कुलूप होतं म्हणाला.

मी राक्षस मनात धरून बसले होते. हा काटकुळा, अर्धे केस पांढरे, हातात सुरतेची पिशवी. पिशवीतून चमचमती साडी डोकावत होती. बायकांचे हात थांबले. अब्बा पोत्यांपुढे आले. सगळ्यांनी आधी भिकुबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. जणू माझ्याकडे पुढचं पान आहे!

दोधू उभा. भिकुबाई बसलेली. दार नाहीच मधे, नुसती मिरची.

"उनू मी," आल्याची वर्दी दिल्यासारखं तो म्हणाला.

भिकुबाईनं त्याला खालून वर बघितलं. मग शेजारचं रिकामं पोतं ओढलं, अंथरलं. "बठ. देठ खुड. मंग बोलसूत."

बसला! काय करणार? तोंडाला बांधायला काही नव्हतं. घटकाभरात असा ठसका लागला की डोळे, नाक, सगळं वाहायला लागलं. सोनीबाई पदरात तोंड घालून हलत होती. भिकुबाईनं त्याला पाणी दिलं, आणि देठ कसा धरायचा तेही शिकवलं. नख लावायचं नाही, बोटानं मोडायचा. दुपारी पिशवीतली साडी तिनं काढली. नेसली नाही. फाडून त्याच्या तोंडाला बांधली.

दिवसभर काही बोलणं झालं नाही. संध्याकाळी दोघं एका वाटेनं गेले, ती पुढे, तो शिंकत मागे.

हा शेवट कुणाला सुचला नव्हता. ना अमेरिकेला, ना सोनीबाईला, ना मला. मी इतकी खूश आहे की अम्मीनं न सांगता लसूण सोलला.

२१ जानेवारी, मंगळवार

आज दोघंही आले. दोधू कालपेक्षा बरा खुडतो. भिकुबाई त्याला सगळं दाखवत होती. ओली मिरची कुठली, वाळलेली कुठली, वजनाला कुठं उभं राहायचं, अब्बांशी कसं बोलायचं. घरच्या शेळीला काय लागतं तेसुद्धा. किती बोलत होती! सोनीबाई म्हणाली, बाई मोकळी झाली बघ.

मी निश्चिंत.

२२ जानेवारी, बुधवार

भिकुबाई आली नाही. दोधू एकटाच तिच्या जागी, तिच्याच पोत्यावर. घराची किल्ली करदोट्याला.

सोनीबाईनं विचारलं तेव्हा म्हणाला, सकाळी उठलो तर भाकरी करून ठेवलेली, शेळी बांधलेली, आणि ती नाही. शेजारणीनं तिला स्टेशनकडे जाताना पाहिलं, हातात गाठोडं होतं. भुसावळकडची गाडी घेतली की सुरतेकडची, कुणी सांगत नाही.

खाली मान घालून खुडत राहिला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही बायकास्ले गोष्ट सांगतस ना? त्या गोष्टमा बाई परत येस का?"

म्हटलं, त्या गोष्टीत बाई दारातच उभी आहे.