आई पलीकडच्या खोलीत आहे

ता. ४ नोव्हेंबर

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

आईला त्यांनी माझ्यापासून वेगळं केलं आहे आणि माझा फोन काढून घेतला आहे, म्हणून हे पत्र. काल तू आणि जावईबापू विमानतळाच्या बाहेरच्या दाराशी फुलं घेऊन ताटकळला असाल. फुलं पाण्यात ठेव, रडणं आवर आणि पुढचं नीट वाच.

विमान वेळेवर उतरलं. आईला चाकाची खुर्ची मिळाली, त्यामुळे ती खुशीत होती. पासपोर्ट तपासणीच्या खिडकीमागे सर्दीनं बेजार झालेला एक तरुण अधिकारी बसला होता. महिनाभर रोज सकाळी वेणी घालताना मी आईकडून पाच प्रश्नांची उत्तरं घोकून घेतली होती: कुठून आलात, कशासाठी, कोणाकडे, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट आहे का. उत्तरं तिला चोख पाठ होती. या गृहस्थानं नाक पुसत सुरुवातच शेवटून केली. परतीचं तिकीट आहे का म्हणाला, तर आईनं आपल्या गावाचं नाव सांगितलं. किती दिवस राहणार, तर लेकीला भेटायला. मुलं किती, हा प्रश्न आपल्या तयारीत नव्हताच. तिथे तिनं ठणकावून सांगितलं, दोन महिने.

मागच्या रांगेतला कोणीतरी हसला. मी दुरुस्ती करायला लागले तसा त्यानं हाताचा पंजा उभा केला आणि एक दुभाषी बाई बोलावली. ती आपली भाषा चांगली बोलते, जरा जास्तच गोड बोलते. या आजींना उत्तरं कोणी पाठ करायला लावली, असं तिनं त्याच्या वतीनं विचारलं. मी लावली, असं मी सांगितलं. खरं तेच सांगितलं, त्यात लपवायचं काय? त्यानंतर तो आमचे दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून किती तरी वेळ बघत बसला. आईचं आडनाव बाबांचं, माझं सासरचं, आणि चेहरा मी बाबांचा घेतलेला. मग आईला आतल्या खोलीत नेलं. मी कोण, हे तिला एकटीला विचारायचं होतं म्हणे. ती काय म्हणाली ते मला सांगितलेलं नाही.

मला विमानतळाच्या आवारातल्याच एका इमारतीत ठेवलं आहे. खोली स्वच्छ आहे. खिडकी उघडत नाही. दिव्याचं बटण दाराबाहेर आहे. जन्मभर मी मुलींच्या वसतिगृहातले दिवे बंद केले, आता माझा दिवा दुसरं कोणी बंद करतं.

आईच्या गोळ्या दुभाषी बाईकडे दिल्या आहेत. बाबा गेले तेव्हाच्या तुझ्याकडच्या कागदांत माझ्या जन्मदाखल्याची प्रत असेल, ती इथल्या खिडकीवर आणून दे. पत्रं इथे वाचली जातात, तेव्हा बेतानं लिही.

लोभ आहेच, पण त्याआधी दोन घास खाऊन घे.

तुझी
ताई

•

ता. ५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू आवरायला सांगितलंस म्हणून आवरलं, मग परत रडले, मग परत आवरलं. मुलं किती, तर दोन महिने, हे वाचून ह्यांना मात्र हसू आवरेना. सुट्टीत तुम्ही बहिणी घरी असायचात तेव्हा दोन महिनेच आई तुम्हाला सहन करत असेल, ते तिच्या बरोबर लक्षात राहिलंय, असं म्हणाले. रागावू नकोस. घरात दोन दिवसांत तेवढाच काय तो हसण्याचा आवाज झाला.

दाखल्याची प्रत खिडकीवर दिली. प्रत चालत नाही, मूळ कागद लागतो, असं सांगून त्यांनी ती ठेवूनही घेतली. परत द्या म्हटलं, तर आता ती फायलीत गेली म्हणाले.

पण एक चांगली बातमी आहे. आज सकाळी त्यांची दोन माणसं घरी आली, एक बाई आणि एक पुरुष. फार नम्र होती गं. मी चहा केला आणि तुला माहीत आहे आपल्याकडची खोड, कोणी आलं की पार माळ्यापर्यंत घर दाखवायचं. मी सगळं दाखवलं. आईची खोली दाखवली, पिवळा रंग दाखवला, बुटका पलंग, न्हाणीघरातला धरायचा दांडा, उशाशी लावलेली घंटा. त्या माणसानं घंटा दाबून बघितली. ती स्वयंपाकघरात वाजली तेव्हा तो छान हसला. बाईनं विचारून कपाट उघडलं. हिवाळ्याचे कपडे एका बाजूला, उन्हाळ्याचे एका बाजूला लावले होते, त्याचा तिनं फोटो काढला. भिंतीवरच्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरची पानं उलटून त्यांचेही काढले. जाताना तिनं माझा हात हातात घेतला आणि तुम्ही फार मनापासून तयारी केली आहे, असं म्हणाली. मला तर वाटतं, आता त्यांची खात्री पटली.

तू तिथे वाद घालू नकोस. रेक्टरबाई, सध्या तुम्ही वसतिगृहातली मुलगी आहात, हे ध्यानात असू द्या.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी
चिमी

•

ता. ७ नोव्हेंबर

चि. चिमीस,
आशीर्वाद.

त्यांची खात्री पटली आहे, यात शंका नाही.

काल मला टेबलाशी बसवून एकेक फोटो समोर ठेवला. हिवाळा नुकता सुरू होतोय आणि आमची परतीची तिकिटं जानेवारीची आहेत. मग उन्हाळ्याचे कपडे कोणाचे, असं विचारलं. मी सांगितलं, माझी बहीण हौशी आहे. मग कॅलेंडरचे फोटो आले. मार्चच्या पानावर तुझ्या अक्षरात लिहिलेलं, आईची नर्स सुरू. जूनच्या पानावर, आईची डोळ्यांची तपासणी. दुभाषी बाईनं ते मला वाचून दाखवलं. मला आपली भाषा वाचता येते, हे ती विसरली असावी, किंवा मुद्दाम वाचलं असेल.

जानेवारीत मी एकटीनं परत जाणार होते, हे मला एका परक्या माणसाच्या टेबलावर कळावं? आईला मी दोन महिने राहणार असं शिकवलं, कारण मला ते खरं वाटत होतं. आता त्यांच्या दृष्टीनं मी घोकून घेतलेलं प्रत्येक उत्तर खोटं आहे. तुझ्याकडे काय ठरलं होतं ते तू मला लिही, आणि सरळ लिही. त्यांना जे कळायचं ते कळून चुकलं आहे.

दुसरी गोष्ट. पहिल्या दिवशी आई माझ्याबद्दल काय म्हणाली, ते काल मला सांगण्यात आलं. ती म्हणाली, ही बाई रोज सकाळी येते, वेणी घालते आणि प्रश्न विचारते. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तशी चांगली आहे, पण घरी जाऊ देत नाही.

 

मी फारच धरणं धरलं म्हणून मला काचेतून तिला दाखवलं. पलीकडच्या खोलीत ती कागदी रुमालांच्या घड्या घालत बसली होती. केस कोणीतरी कापले आहेत. पार मानेपर्यंत. कोणाला विचारून कापले, असं मी विचारलं, तर आजींना विचारलं होतं, त्या हो म्हणाल्या, असं उत्तर मिळालं. मी काचेवर टकटक केलं. तिनं वर पाहिलं, उठली आणि तिथल्या मदतनीस बाईच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. त्या बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पडदा ओढून घेतला.

प्रकृतीची काळजी घे. लोभाचं मागाहून पाहू.

ताई

•

ता. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सरळ लिही म्हणालीस, लिहिते. हो, आईला ठेवून घ्यायचं मी ठरवलं होतं. जानेवारीत तुला सांगणार होते. आधी सांगितलं असतं तर तू तिला आणलंच नसतंस.

उन्हाळ्यात एकदा फोनवर आईनं मला हळू आवाजात विचारलं होतं, की ही बाई रविवारी तरी आपल्या घरी जाते का. मी हसले, पण फोन ठेवल्यावर तिच्यासाठी खोली रिकामी करायला घेतली. तू तिचं किती करतेस ते मला ठाऊक आहे ताई. औषधाची वेळ चुकली नाही की कपड्याची इस्त्री मोडली नाही. पण ती घाबरते गं. ती विसरते तेव्हा तू तिची शिकवणी घेतेस. घोकून घेतलं की येईल, असं तुला अजून वाटतं. तू मला माफ करणार नाहीस. नको करू, पण हे वाच.

आज मी त्या इमारतीत गेले. काच आहे, खोली आहे, पण आई तिथे नाही. तिला कुठे हलवलं, असं विचारलं, तर वयस्कर लोकांच्या निवासात, असं उत्तर आलं. पत्ता मागितला. चौकशी चालू असेपर्यंत माझी गाठ घालता येत नाही, कारण चौकशी माझीही आहे, असं खिडकीवरच्या माणसानं सांगितलं. त्या दिवशी माझा हात हातात घेणारी बाई त्याच्या मागेच बसली होती. तिनं ओळखही दाखवली नाही. हे दोन वकिलांकडे जाऊन आले. दोघांनीही ऐकून घेतलं आणि तुम्ही घर दाखवायला नको होतं, म्हणाले.

ताई, तुझ्या पर्समध्ये गेल्या वर्षीचा डॉक्टरांचा कागद असेल, तिच्या विसरण्याबद्दलचा. व्हिसाच्या वेळी आपण तो लावला नाही. आता दाखव. तिला आजार आहे हे कळलं, की तू तिला जबरदस्तीनं आणलंस हा संशय तरी जाईल. दुसरा उपाय मला सुचत नाही.

मनातून काढू नकोस.

तुझी
चिमी

•

ता. ११ नोव्हेंबर

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

आज दुपारच्या विमानानं मला परत पाठवत आहेत. मला एकटीला. कसं ते सांगते, म्हणजे तुझ्या वकिलाला उपयोग होईल.

डॉक्टरांचा कागद मी काल दाखवला. सर्दीवाला अधिकारीच होता. त्यानं तो दोनदा वाचला आणि माझे आभार मानले. तू म्हणालीस तसंच झालं. आजारी माणसाचं बोलणं धरता येत नाही, तेव्हा मी तिला जबरदस्तीनं आणलं हा संशय काढून टाकला आहे, असं तो म्हणाला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्यानं पुढचं सांगितलं. तिचं बोलणं धरता येत नाही, म्हणजे ती स्वतःच्या मर्जीनं आली असंही धरता येत नाही. माझ्याबरोबर परत जायचं आहे की तुझ्याकडे राहायचं आहे, हे तिला विचारून उपयोग नाही. तेव्हा निर्णय होईपर्यंत ती त्यांच्या ताब्यात. निर्णय कोण करणार, असं मी विचारलं. समिती, म्हणाला. कधी? ते समिती ठरवते. तोवर माझ्याबरोबर पाठवा, असं म्हटलं, तर अशा रुग्णाला विमानात बसवायला डॉक्टरांची परवानगी लागते, आणि ती घ्यायला नातेवाइकाची मूळ कागदांसह सही लागते. कागद आपल्या घरी आहेत आणि घरी जायला मला तिला इथेच सोडून जावं लागतं. आजार व्हिसाच्या अर्जात लपवला म्हणून माझा प्रवेश रद्द झाला आहे, म्हणजे कागद घेऊन मला परत येता येणार नाही.

हे सगळं त्यानं शांतपणे सांगितलं. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, मीही चढवला असता.

मूळ कागद मी पोहोचल्या दिवशीच कुरिअरनं तुझ्याकडे पाठवते. रोज त्या खिडकीवर जा. तिनं काय खाल्लं, झोप लागली का, असं काहीतरी विचारत राहा. उत्तर देणार नाहीत, पण तिला विचारणारं कोणी आहे हे त्यांना दिसू दे. भेट मिळालीच, तर तिला काहीही आठवायला सांगू नकोस. ती तुला कोणीही म्हणाली तरी तेच नाव घेऊन तिच्यापाशी बस. मला ते जमलं नसतं. तुझं बेत लपवणं मला आवडलेलं नाही, पण बेत चुकीचा नव्हता.

लोभ तुझ्यापाशी ठेवून जाते. सांभाळ.

ताई

ता. क. आईसाठी दुभाषी बाईच्या हाती सोपवलेल्या वस्तू: पांढरी शाल एक. वाचायचा चष्मा, डबीसह. कवळीची वाटी. सुती परकर दोन, पोलकी तीन. पायातले लोकरी मोजे, एक जोड. डॉक्टरांचा कागद, मूळ. बाबांचा फोटो, लहान. सगळ्याची पावती घेतली आहे, तिच्यावर सही आणि शिक्का आहे, ती या पत्राला टाचली आहे. आईची पावती मागितली. माणसांची देत नाहीत, असं सांगण्यात आलं.