चराकडची पट्टी

प्रिय लानशिन,

सूर्यफुलाची कापणी परवा आटोपली. तुझी आई अंगणात बिया वाळत घालतेय आणि मी शेतातून येऊन, हातही नीट न धुता, लिहायला बसलोय. तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. फोनवर तू विचारतेस, "जेवलात का?" मी म्हणतो, "जेवलो." तिथेच आपलं संपतं. आजचं बोलणं तेवढ्यात मावणारं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गावसभा तू विसरली नसशील. ठिबकच्या नळ्या नव्या होत्या, विहिरीचं पाणी थेंबाथेंबानं मिळत होतं, पीक जोमात होतं. कापणीनंतर ह्वांग हो नदीच्या कालव्याचं पाणी शेतभर सोडायची जुनी रीत आम्ही मोडीत काढली होती. पाणी वाचलं म्हणून सगळ्यांत मोठा आवाज माझाच. तू उठून म्हणालीस, "नळ्या वाईट नाहीत, बाबा. पण आपल्या विहिरींचं पाणी खारट आहे. थेंब पडतो तिथलं मीठ ओलीच्या कडेला सरकून साचतं. वर्षातून एकदा कालव्याचं पाणी द्या आणि चर उपसून ठेवा, म्हणजे ते धुऊन बाहेर जाईल." साऱ्या गावादेखत मी तुला सुनावलं, "चार बुकं शिकली आणि बापाला माती शिकवायला निघाली! अगं, मी जिभेवर माती ठेवून मीठ सांगतो!" हाओ काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. तू एवढंच म्हणालीस, "मग मला एक मू जमीन द्या, एवढासा तुकडा."

मी चराकडची पट्टी दिली, जिथे गाढवही चरायला थांबत नाही. खोटं कशाला बोलू, तुझी फजिती व्हावी म्हणूनच दिली.

दोन वर्षं शरदात तू शहरातून बसनं यायचीस. गुडघाभर गाळात उतरून एकटी चर उपसायचीस, मग पाणी सोडायचीस. आई वरीची आंबवलेली पेज घेऊन बांधावर यायची. मी बाह्यांत हात खुपसून दारात उभा असायचो. फावडं माझ्या हाताशीच टेकलेलं होतं, लानशिन. मी ते उचललं नाही.

यंदा पेरणीनंतर माझ्या शेतात नळ्यांच्या मधोमध पांढरं मीठ फुटलं. निम्मं बी उगवलंच नाही. तुझ्या पट्टीत मात्र एकही रोप चुकलं नव्हतं. मी गुडघ्यावर बसून दोन्हीकडची माती जिभेवर ठेवली. माझी औषधासारखी कडूजहर. तुझी मात्र मी लहान असताना आमच्या शेताची होती तशी. तरी मन मानेना. दोन पिशव्या भरून, नाव न सांगता, तालुक्याच्या केंद्रात मोजायला दिल्या. माझ्या मातीत तुझ्या चौपट क्षार निघाले. यंत्र आणि जीभ दोघं एकच बोलली.

कापणीच्या दिवशी हाओ काका तुझ्या पट्टीत परातीएवढी फुलं बघत कितीतरी वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "मानथुन, तीन वर्षं तुझी जीभ कुठे चरायला गेली होती रे?" या खेपेला गाव माझ्यावर हसलं. खरं सांगतो, मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

रविवारी पुन्हा सभा होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी चुकलो. माझ्या पोरीनं आधीच सांगितलं होतं. तिला ठाऊक होतं, मला नव्हतं." एवढं बोलून खाली बसलो. अकरा घरांनी यंदा कालव्याचं पाणी घ्यायचं ठरवलं. कालपासून आम्ही सगळे मिळून मोठा चर उपसतोय. वर्गात शिकवतात तसं हाओ काका सगळ्यांना सांगत असतात, "लानशिन म्हणते, चर आधी, पाणी नंतर!"

काल रात्री आईनं मला सांगितलं की मातीच्या अभ्यासाचं काम सोडून तू दक्षिणेत दुसरी नोकरी धरते आहेस, कारण "कुणी ऐकतच नाही." जायचं तर जा, तुझ्या पायात मी खोडा घालणार नाही. पण कुणी ऐकलं नाही, हे मनात धरून जाऊ नकोस. मी चाळीस माणसांपुढे बोललो ते तुझ्यासमोर बोलायचं राहून गेलं होतं, म्हणून हा कागद. पोरी, मला तुझा अभिमान वाटतो. तू सभेत उठून बोललीस त्या पहिल्या दिवशीही वाटला होता. तोच मला सहन झाला नाही.

तुझा हट्टी बाबा,
मानथुन