सरकारी कोठीतली सवाई

अमरावती,
चैत्र शुद्ध ५, शके १७८६

चिरंजीव सूर्यभान यास गोदाबाईचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुला पत्र लिहायचे नाही असे मी ठरवले होते. तुझे भाऊजी माघात गेले आणि माझा सख्खा भाऊ असून तू तेराव्यालाही आला नाहीस, तेव्हाच ठरवले. पण काल कचेरीचा चपराशी सरकीच्या कोठीला लाखेची मोहर लावून गेला. जाताना त्याने हुकूम वाचला. कोठीचा तीन सालांचा हिशेब तपासायला अकोल्याहून कारकून येणार, आणि त्याचे नाव सूर्यभान. म्हणून लिहिणे भाग पडले. आबांनी आईची बोलणी खाऊन आपल्या दोघांना मोडी शिकवली, ती या कामाला येईल असे त्यांच्या मनातही नसेल.

कोठी कशी चालते ते ऐक. कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून व्यापारी सरकीसकट कापूस शेताच्या धुऱ्यावरूनच उचलतात. लोक रुपये पाहून हुरळतात आणि पेरणीला घरात मूठभर बी उरत नाही. म्हणून सरकारने एकदाच रक्कम घालून सरकी घेतली. ज्याच्या नावावर जमिनीचा पट्टा आहे त्याला पेरणीला उसनी द्यायची, माल निघाला की तेवढीच परत घ्यायची, पुढल्या साली तीच पुन्हा द्यायची. रक्कम एकदाच घातली, पुढे तीच फिरते. वर काही घ्यायचे नाही, असा सक्त नियम आहे. हे काम तुझे भाऊजी पाहत.

आता अडचण. तू मोजशील तेव्हा वहीत आहे त्याहून कोठीत सरकी जास्त निघेल. कमी नव्हे, जास्त. उसने बी आपल्याकडे उघडे कोणी परत करत नाही, मणाचे सवा मण करून देतात, हे तुला सांगायला नको. तुझे भाऊजी दरसाल हात जोडून सांगत की सरकारला सवाई चालत नाही. अंजनगावचा चंद्रभान तर उखडलाच. म्हणाला, की सरकार असन तुमच्या घरी, उघडं बी देलं तर माह्यं वावर रुसते न. आणि वरची सरकी दारात ओतून बैल हाकत निघून गेला. सगळ्यांचे असेच. त्या सवाईचा ढीग उत्तरेच्या भिंतीशी वेगळा आहे. वहीत तो नाही, कारण वहीत त्याला लिहायला जागाच नाही.

व्याज खाणारा असे तुझ्या भाऊजींच्या नावापुढे लिहिले जाऊ नये, एवढेच मला हवे. बरोबर मोज, बरोबर लिही. मेहेरबानी नको.

मी बरी आहे. कोठी बंद झाल्यापासून दारात गाडी सुटत नाही, त्यामुळे दुपार फार लांब झाली आहे. माया आटली नसेल तर उत्तर पाठव.

गोदाबाई

*

अकोला,
चैत्र शुद्ध ११

तीर्थस्वरूप बाईच्या पायी सूर्यभानचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचले. अक्षर पाहूनच मी ताठ बसलो. तू कागदावरूनही कान पिळतेस. तेराव्याला रजा मिळाली नाही हे खरे, दोनदा मागितली नाही हेही खरे. यापुढे त्यावर काय लिहू?

इथे राहायला जागा नाही. मुंबईचे व्यापारी उतरल्यापासून गोठ्यांनाही भाडे आले आहे. मी एका वखारीच्या मागल्या पडवीत राहतो. भाकरीत कापूस, पाण्यात कापूस, सकाळी उठतो तेव्हा मिशीतही कापूस. अख्ख्या अकोल्यात मला नावाने हाक मारणारे माणूस नाही. सगळे कारकून म्हणतात, आणि वखारवाला तेही म्हणत नाही, नुसता खाकरतो.

आता कामाचे. बाई, तुला वाटते तेवढे हे सोपे नाही. कमी निघाले तर साहेब उंदरांवर तरी ढकलू देईल. जास्त निघाले तर कोठीवाल्याने लोकांना नाडून वाढ घेतली, असाच अर्थ लागतो. मग चावडीवर नाव वाचतात आणि थकलेला पगार जप्त होतो. मेलेल्या माणसालाही हे चुकत नाही.

म्हणून माझे ऐक. मी येण्याआधी तो ढीग हलव. मागल्या झरोक्याला मोहर नाही, हे मला ठाऊक आहे. पुंजाराम गाडीवान माझ्या शब्दातला आहे, तो येऊन पोती चांदूर बाजारच्या हाटाला नेईल. मग वही आणि कोठी जुळेल, जानरावभाऊजींचे नाव स्वच्छ राहील, आणि मला खोटे लिहावे लागणार नाही. मी तुझा भाऊ आहे हे इथे कोणाला सांगितलेले नाही. तूही बोलू नकोस. नाहीतर हे काम दुसऱ्याकडे जाईल, आणि तो तुझे ऐकून घेणार नाही.

रागावशील हे माहीत आहे. रागावून झाले की धाकट्याला पदराखाली घे.

सूर्यभान

*

अमरावती,
चैत्र वद्य १

चिरंजीव सूर्यभान यास आशीर्वाद. ते द्यावेत की नाही याचा आधी थोडा विचार केला.

ज्या सरकीतला दाणाही तीन साले कोणी विकून खाल्ला नाही ती झरोक्यातून काढली, की ती चोरीची झाली. आज ती कोणाची आहे हे ठरायचे आहे. उद्या चोर कोण ते ठरेल, आणि ते तुझ्या भाऊजींवरच येईल.

शिवाय तो ढीग पडून असतो असे तुला वाटते, ते चूक आहे. पहिल्या साली तो तसाच होता. तुझे भाऊजी गाडीवाल्यांना परत ने म्हणत, आणि त्यांच्या मागून मी म्हणे, ओता इकडे. बी पडून किडते. ज्यांच्या नावावर पट्टा नाही अशा बाया दरसाल दारावरून परत जाताना मी पाहत होते. जमुना माळीण, जिची बाग नवऱ्यामागे तोंडी कराराने चालते. नांदगावची पार्बताबाई, वावर स्वतः कसते आणि पट्टा दिराच्या नावावर. मी त्यांना सवाईतली सरकी दिली. तुझे भाऊजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः तराजू धरला.

त्या बायांनीही माल निघाल्यावर सवाई करूनच आणली. पार्बताबाईला मी नको म्हटले तर ती म्हणाली, की काहून वो माय, आमाले वावर नाई का, का आमचं वावर रुसत नाई? अशी ती सरकीही फिरते. तिच्यामागे सरकारची रक्कम नाही आणि एक दाणा बुडालेला नाही. तू ती हाटात विकलीस, तर या मृगाला त्या बायांनी काय पेरायचे?

तेव्हा ढीग जागेवर राहील. आणि तू माझा भाऊ आहेस हे साहेबाला आधी सांग, मग वही उघड. सांगायची छाती नसेल तर दुसऱ्याला येऊ दे. मी परक्यापुढेही हेच बोलेन.

रात्री एकटीला भीती वाटते का, असे शेजारणी विचारतात. भीती वाटत नाही. बोलायला कोणी नाही, एवढेच. ममता आहे म्हणूनच कठोर लिहिले, असे समज.

गोदाबाई

*

अकोला,
वैशाख शुद्ध ७

तीर्थस्वरूप बाईच्या पायी साष्टांग नमस्कार.

परवा अकोल्यास पोचलो. अमरावतीत पाच दिवस होतो आणि तुझ्या उंबऱ्याच्या आत आलो नाही. साहेबाला नाते सांगितले, तेव्हा त्याने काम माझ्याकडेच ठेवले, पण भगवंतराव कारकुनाला जोडीला दिले. त्यांची अट अशी, की तपासणी होईपर्यंत तुझ्या घरचे पाणीही प्यायचे नाही. तू ओट्यावर झाकून ठेवलेला तांब्या मी रोज पाहत होतो.

तीन सालांच्या वह्या आम्ही ओळीने तपासल्या. पहिली खरेदी, गाडीभाडे, पोत्यांचा खर्च, कोणास दिली, कोणाकडून आली, कोणाकडे राहिली. एका जागी भाऊजींनी लिहिले आहे, उंदरांनी खाल्ली, मांजर आणले, मांजर पळाले. भगवंतराव इतक्या दिवसांत तिथेच एकदा हसले. शेवटची पाने तुझ्या अक्षरात आहेत, तिथे मी थोडा वेळ थांबलो. सरकारी सरकीत दाण्याची चूक नाही.

मग लोकांच्या जबान्या झाल्या. कोठीवाल्याने सवाई मागितली का, असे साहेबाने चंद्रभानला विचारले. तो म्हणाला, की तो मानूस तं हात जोडे, आमीच ओतून देऊ, आमी काय भिकारी हावो? सगळ्यांनी असेच सांगितले. तेव्हा साहेबाने त्यांना आपापली सवाई परत न्यायला सांगितले. त्यावर चंद्रभान जो पेटला! म्हणाला, की देलेली सवाई वापस नेऊ? थुकलेलं चाटाले सांगून राहिले काय? एकानेही ढीग आपला म्हटला नाही. पार्बताबाई बोलायला आली होती, पण दिराला पाहून पायरीवरूनच परतली.

निकाल असा झाला. कोठीवाल्याने सवाई मागितल्याचा पुरावा नाही, भाऊजींच्या नावावर डाग नाही. थकलेला पगार तुला मिळेल आणि कोठीमागचे घर दिवाळीपर्यंत तुझ्याकडे राहील. ढीग मात्र बेवारशी. जे सरकारचे नाही ते सरकार ठेवून घेत नाही, असे साहेबाचे म्हणणे. मालक असेल त्याने न्यावे, पण सरकारी दारात वाढ घेतल्याचा दंड सोसावा. मालक पुढे आला नाही तर वैशाख वद्य पंचमीला लिलाव, तोवर साहेब आणि भगवंतराव अमरावतीतच आहेत.

लिलावात ती सरकी व्यापारी घेतील हे मलाही कळते. पण बाई, तुला जे हवे होते ते मिळाले आहे. आता गप्प राहा. मी तुला ओळखतो, म्हणून हात जोडून लिहितो. वखारवाल्याने पडवीला कूड घालून दिला आहे, तुझी चूल मांडता येईल. ये. निदान दोघे मिळून कापूस खाऊ.

बालकावर छत्र असू दे.

सूर्यभान

*

अमरावती,
वैशाख वद्य ४

चिरंजीव सूर्यभान यास गोदाबाईचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र दोनदा वाचले आणि कचेरीत गेले. साहेबाला जबानी दिली, की सवाई कोठीवाल्याने घेतली नाही, मी घेतली. ते परत ने म्हणत, मी ओता म्हणे. ढीग माझा. यात खोटे अक्षर नाही. साहेबाने भगवंतरावांकडून दोनदा विचारून घेतले, की बाईला दंड समजला आहे ना. समजला आहे, म्हटले. पगार जप्त झाला. घर आज रिकामे करून दिले.

काल हुकूम चावडीवर वाचला गेला, गोदाबाईने सरकारी दारात वाढ घेतली म्हणून. मी पारापाशी उभी राहून ऐकले. काही माणसांनी खाली पाहिले, काहींनी माझ्याकडे पाहिले. बाजारात एकीने मुलीला माझ्यापासून जवळ ओढले. हे काही दिवस चालेल. तुला कोणी अकोल्यात विचारले, तर ती माझी बहीण आहे असे सांग आणि पुढे चाल.

सकाळी बाया आल्या आणि सरकी घेऊन गेल्या. पार्बताबाई दिरासमोरून डोक्यावर पोते घेऊन गेली. त्याने वाट सोडली. जमुनेने मात्र पोते खाली ठेवले आणि विचारले, की फाल्गुनात सवाई आणू कुठं? तुमी तं अकोल्याले चालल्या, मंग आमी का डोस्क्यावर घेऊन तथलोक येऊ? बाकीच्याही थांबल्या. त्यांचे बरोबर होते. बी फिरायचे तर ते परत यायला एक दार लागते.

म्हणून मी येत नाही. जमुनेच्या बागेच्या कडेला एक कोठा आहे, तो तिने दिला आहे. गावाबाहेर आहे. संध्याकाळी ती घरी गेली, की दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे माणूस नसते. तुझ्या पडवीत दोघे झालो असतो, हे मला कळते. तुला वाईट वाटेल, मलाही वाटते. दिवाळीला रजा दोनदा माग. इथे पाणी प्यायला कोणाची मनाई नाही.

भगवंतरावांनी केलेल्या यादीची नक्कल खाली उतरवली आहे. तुझ्या दप्तरी लाव. आठवण ठेवशील हे मला माहीत आहे, कळवत जा.

गोदाबाई

ताबा दिल्याची याद, अमरावती, वैशाख वद्य ४, शके १७८६

कचेरीस दिले: कोठीची किल्ली, घराची किल्ली, तराजू व मापे, तीन सालांच्या वह्या. सरकारी सरकी वहीप्रमाणे पुरी.

बिनपट्ट्याच्या बायांस दिले: सवाईची सरकी, सर्व. फाल्गुनात जमुना माळणीच्या कोठ्यावर परत करण्याच्या बोलीने.

सरकारकडून येणे: काही नाही.

कैलासवासी जानराव कोठीवाले यांच्या नावावर ठपका: काही नाही.

गोदाबाई यांच्या नावावर: सवाई घेतल्याचा ठपका, सर्व. वाचून दाखविले, कबूल. सही खुद्द.