ओठ न लावता

३ एप्रिल, इंदूर
आले एकदाची! साताऱ्याची मधुरिमा आता इथल्या शाळेत पोरांना गाणं शिकवणार. राजेंद्र नगरात द्वारकाबाईंकडे खोली मिळाली. एकट्याच असतात, जीव लावतात. आल्या आल्या पोहे-जिलबी! घरात नियम एकच, बाटली जूठी करायची नाही. पाणी वरून ओतायचं, ओठ न लावता. मी कुडता भिजवला, त्या पोट धरून हसल्या.

८ एप्रिल
जमलं! मान मागे, तोंड उघडं, पाणी थेट घशात. पक्की इंदौरी झालीस म्हणाल्या.
या घरात सरबताची रिकामी बाटली फेकत नाहीत. पाणी तिच्यात, तेल तिच्यात. सियागंज बाजारातून आणलेली मोरी साफ करायची सुटी पावडरही कालवून तिच्यातच! मी म्हटलं, निदान चिठ्ठी तरी चिकटवा. तर म्हणे, चिठ्ठी वाचायला चष्मा कोण शोधेल बेटा, मला सब माहीत आहे.

१२ एप्रिल, दुपार. दवाखाना
बोलता येत नाही. डॉक्टरांना या वहीतच लिहून दाखवते आहे.
उन्हातून आले, ओट्यावरची बाटली उचलली, वरून दोन मोठे घोट घेतले. ओठांना काही कळलंच नाही. एकदम घशात आग. मोरी धुऊन द्वारकाबाईंनीच ती तिथे ठेवली होती. घाबरून त्यांनी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढली. वर येताना सगळं पुन्हा जळलं. डॉक्टर म्हणाले, ओकारी काढायलाच नको होती. घसा आतून सुजतोय. बंद व्हायच्या आत श्वासाची नळी घालायची. पाण्याचा एक थेंबही नको, श्वासात जाईल.

थोड्या वेळाने
नळी गेली नाही. जागाच उरली नाही. आता गळ्याला बाहेरून छेद देणार. गाणं गेलं. जाऊ दे. श्वास तरी — आडवं होववत नाही — लाळ गिळवत नाही — फार भीती वाटते. आई —

डॉक्टर तयारीला पलीकडे गेलेत. द्वारकाबाई आत आल्या. रडताहेत. घसा सूखला असेल म्हणतात — हातात पाण्याची बाटली —

नको नको नको

वही पुढे केली. चष्मा नाही त्यांच्याकडे. डोक्यावरून हात फिरवतात — हनुवटी वर — किती मायेने — वरून —