वहिनीच्या हातची फेसलेली मोहरी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून वहिनीवर जळते. तुझ्यापासून काय लपवायचं!

आज रविवार, म्हणून शहरातच सोडाल्याला भावाकडे जेवायला गेले होते. वहिनीनं काकडी-कांद्यावर तुझं ते फेसलेल्या मोहरीचं तेल-सिरक्याचं मिश्रण घातलं होतं. पहिल्याच घासाला भाऊ म्हणतो, "अगदी आईच्या हातची चव!" झालं, माझा घास तोंडातच फिरायला लागला. पोटची मुलगी मी, आणि तुझ्या हाताची चव गेली तिच्याकडे.

अजून डोळ्यांसमोर दिसतं: आपल्या शास्त्रीनगरच्या घरात तू ओट्याशी उभी आहेस, मोहरी फेसते आहेस. झणका नाकात चढतो, माझ्या डोळ्यांतून पाणी. मग मीठ, साखर, सिरका, आणि शेवटी शेंगदाण्याच्या तेलाची बारीक धार. लग्नानंतर माहेरी आले असताना एकदा हौसेनं मी करायला घेतलं आणि वाटीभर तेल एकदमच ओतलं. सगळं फुटलं, तेल वर तरंगायला लागलं. "सरक बाई, मी करते," म्हणून तू वाडगा काढून घेतलास, तो कायमचाच. पुढे ही मुरलीपुऱ्याची, हिंदी घरातली सून आली, तर तिच्या पाठीशी उभी राहून "हळू गं, धार तुटू देऊ नकोस" असं किती प्रेमानं शिकवलंस! मी दारातून बघत होते. माझ्या वेळी कुठे गेला होता गं हा धीर?

आज जेवणं झाल्यावर न राहवून तिला विचारलंच, मला का नाही शिकवलं आईनं? ओटा पुसता पुसता ती थांबली. "दीदी, मी पण विचारला होता. मम्मीजी बोलल्या, तिला आलं तर ती आपल्या घरीच करून खाणार. मतलब, मग रविवारी माझ्याकडे कशाला येणार?"

अगं, एवढ्यासाठी? मी तशीही आले असते की! रडू आलं आणि रागही आला, कारण हेसुद्धा तू तिलाच सांगितलंस. मला एका शब्दानं नाही.

"शिकवू का, दीदी?" तिनं विचारलं. मी नको म्हटलं.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून तुला सांगते. पुढच्या रविवारी मला परत तिच्याकडे जायचंय.